१०४ चौरस किलोमीटरमधला एक किलोमीटर: पाचवीच्या क्षेत्रभेटीचं एक प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका महापालिका प्राथमिक शाळेचं आहे. मी तिथे पाचवीला शिकवते. शाळा, मुलं आणि पालक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मात्र जसं आहे तसंच ठेवलं आहे, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. क्षेत्रभेट आखणाऱ्या शिक्षकांना, आणि मुलांना घेऊन तिथे जाणाऱ्या कुणालाही, यातलं काही कामी यावं म्हणून लिहिते आहे.

पार्श्वभूमी

आमच्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून उद्यानाचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात हिरवेगार, मार्चनंतर तपकिरी. बोरिवलीचं मुख्य प्रवेशद्वार शाळेपासून चालत पंचवीस मिनिटांवर आहे, मध्ये फक्त हायवे. जून महिन्यात मी वर्गात विचारलं, "नॅशनल पार्कात कोण कोण गेलंय?" ४१ मुलांपैकी नऊ जणांनी हात वर केले. त्यातले चौघे महाशिवरात्रीला कान्हेरीला गेलेले, म्हणजे जत्रेच्या गर्दीत आईबाबांचा हात धरून. बाकीच्या बत्तीस मुलांनी तो डोंगर फक्त खिडकीतून पाहिलेला.

हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. एका बाजूला बोरिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड, ठाणे, आणि मध्ये जंगल. २०१८च्या गणनेत उद्यान आणि त्याला लागून असलेला आरेचा परिसर धरून ४७ बिबटे मोजले गेले. वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं इथे येतात. पहाटे फिरायला येणारे आजी-आजोबा, पक्षी टिपायला मोठ्या लेन्स घेऊन येणारी तरुण मंडळी, कॉलेज बुडवून आलेली जोडपी, कान्हेरीची लेणी बघायला निघालेले पाहुणे, रविवारी डबे घेऊन आलेली कुटुंबं. आणि दाराशी बोरं, आवळे, काकड्या विकणाऱ्या पाड्यांवरच्या बायका, ज्यांचं घरच आत आहे.

शहराचा या जंगलाशी असलेला सगळ्यात जुना व्यवहार पाण्याचा. विहार तलावाचं पाणी १८६० पासून मुंबईला मिळू लागलं, तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला. दोन्ही या उद्यानाच्या हद्दीत. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा मिळून साठा साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या जवळपास आहे. त्यात तुळशीचा वाटा ८,०४६ आणि विहारचा २७,६९८ दशलक्ष लिटर, म्हणजे दोघांचा मिळून शंभरातले अडीच. आकडा लहान आहे, पण बाकीचे पाच तलाव दूर ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत, आणि हे दोन आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांच्या मागे. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या याच डोंगरांतून निघतात. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारात येतं, विहार भरून वाहू लागला की मिठी नदी सुरू होते.

आता आदल्या वर्षाबद्दल सांगायला हवं, कारण खरी अडचण तिथून सुरू झाली. पाचवी ते सातवीची मिळून ११८ मुलं आम्ही दोन बसमधून याच उद्यानात नेली होती. सफारी, गांधी टेकडी, नौकाविहार, कान्हेरी, सगळं एका दिवसात. प्रत्यक्षात मुलांचा दिवस रांगांत गेला. दुपारी डबे उघडले तेव्हा माकडांची टोळी आली. सहावीतल्या एका मुलाच्या हातातलं वेफर्सचं पाकीट एका माकडाने ओढलं, त्याने ते सोडलं नाही, आणि मनगटावर ओरखडा उठला. ओरखडा उथळ होता, तरी रेबीजच्या लशीचे सगळे डोस घ्यावे लागले. त्याच दिवशी एक मुलगी स्वच्छतागृहापाशी मागे राहिली. ती नाही हे आमच्या लक्षात यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. ती एका फिरायला आलेल्या आजींजवळ बसून रडत होती. या दोन्हींत चूक आमची, शिक्षकांची होती. उद्यानाची नाही आणि माकडांचीही नाही.

अडचण

ऑक्टोबरात मी क्षेत्रभेटीचा विषय काढला तेव्हा मुख्याध्यापिका मॅडम एवढंच म्हणाल्या, "बाई, यंदा तिकडे नको." शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन आयांनी तेच सांगितलं. ज्या मुलाला ओरखडा उठला त्याचा धाकटा भाऊ या वर्षी माझ्या वर्गात होता. घरात त्या इंजेक्शनांच्या गोष्टी इतक्या वेळा झाल्या होत्या की माकडाचं चित्र पुस्तकात आलं तरी तो पान उलटायचा.

दुसरी गोष्ट मला वर्गात दिसली. परिसर अभ्यासाच्या तासाला मी विचारलं, "नळाला पाणी कुठून येतं?" "टाकीतून." "टाकीत कुठून येतं?" "टँकरमधून." नंतर जंगलाचं चित्र काढायला सांगितलं. ४१ पैकी जवळजवळ निम्म्या चित्रांत जिराफ होता. सिंह तर बहुतेक सगळ्यांत. ऐन, पळस, कुडा अशी इथली झाडं किंवा नदी, यांतलं काहीही नव्हतं. डोंगर होते, पण ते आपण सगळे लहानपणी काढतो तसे, त्रिकोणी, मधून सूर्य उगवणारे. खिडकीतून दिसणारा डोंगर मात्र एकाही चित्रात आला नव्हता. ती चित्रं मी घरी नेली आणि दोन दिवस टेबलावर ठेवली. मला वाईट वाटलं, आणि तेव्हाच ठरवलं की न जाणं हा उपाय असू शकत नाही.

तिसरी अडचण शब्दाचीच. "उद्यान" म्हटलं की मुलांना आणि पालकांना बाग आठवते. "बाई, झोपाळे आहेत का तिथे?" हा पहिला प्रश्न होता. बागेत आपण खेळायला आणि खायला जातो. राष्ट्रीय उद्यान हे कायद्याने राखलेलं जंगल आहे, तिथलं एक पानही घरी आणायचं नसतं. आदल्या वर्षी आम्ही शिक्षकही बागेत निघाल्यासारखेच गेलो होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, वर्गातल्या पडद्यावर माहितीपट दाखवणं. खर्च नाही, धोका नाही. पण पडद्यावरचं जंगल ही मुलं रोजच बघतात, जिराफ तिथूनच आला आहे.

दुसरा, भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग. मुख्याध्यापिका मॅडमना हाच पटत होता. भिंती आहेत, पिंजरे आहेत, पेंग्विन आहेत, हरवण्याची भीती कमी. राणीच्या बागेबद्दल मला आपुलकी आहे, तिथली जुनी झाडं बघायला मी स्वतः जाते. पण बोरिवलीच्या बाजूच्या मुलांनी हायवेपलीकडचं जंगल सोडून जाऊन-येऊन चार तासांचा बस प्रवास करून भायखळ्याला जावं, हे मला पटेना.

तिसरा, गोरेगावला चित्रनगरीजवळ असलेलं बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्र. शिकवणारी माणसं जाणकार, आणि जंगलही याच डोंगराचं. हा पर्याय खरोखर चांगला होता आणि पुढच्या एखाद्या वर्षी मी तो नक्की घेईन. यंदा तो मागे पडला तो नदीमुळे. आमच्या शाळेच्या मागच्या रस्त्याजवळून जी नदी वाहते ती दहिसर नदी, आणि मुलांना तिची वरची बाजू दाखवायची होती.

चौथा, आदल्या वर्षीचाच कार्यक्रम, फक्त शिक्षक वाढवून. सहशिक्षकांपैकी बहुतेकांचं मत असं की पैसे भरून नेतोय तर सगळं दाखवायला हवं. यामागे प्रेमच आहे. ही मुलं पुन्हा कधी जातील, या काळजीतून ते येतं.

पाचवा मी मांडला. वर्गाचे दोन गट, एकेका गटात वीस-एकवीस मुलं. बस नाही, शाळेतून चालत. आत फक्त एक किलोमीटर, नदीच्या कडेने. तीन तासांत परत. उद्यानात काहीही खायचं नाही. सफारी नाही, होडी नाही, कान्हेरी नाही.

"एवढ्यासाठी कशाला न्यायचं?" असं एक सर म्हणाले. प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे त्या वेळी पुरेसं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मला दोन आठवडे द्या, आधी मी एकटी जाऊन बघते.

निर्णयाचे टप्पे आणि काय केलं

मी दोनदा गेले, दोन्ही वेळा सकाळी त्याच वेळेला. निसर्ग माहिती केंद्रात जाऊन मार्गदर्शक मिळण्याची चौकशी केली. स्वच्छतागृहं कुठे आहेत, सावली कुठे टिकते, रस्त्यावर सायकली आणि गाड्या किती येतात, हे लिहून घेतलं. एक किलोमीटर मी पंधरा मिनिटांत चालले. पण मुलांच्या उंचीवर बसून बघायचं म्हटलं तर त्याच एक किलोमीटरला पावणेदोन तास लागले. त्या दिवशी मला स्वतःला पटलं की हे पुरेसं आहे. मुख्याध्यापिका मॅडमना मी वेळेनुसार आखलेला कागद दाखवला, प्रत्येक थांब्याला किती मिनिटं, कोण पुढे, कोण मागे, दर वीस मिनिटांनी मोजणी. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. त्यांना क्षेत्रभेट नकोशी नव्हती. आदल्या वर्षी पालकांसमोर त्यांना एकटीला उभं राहावं लागलं होतं, ते पुन्हा नको होतं.

सगळ्यात जड गेला तो कान्हेरीचा निर्णय. पाण्याबद्दल शिकवायचं तर कान्हेरीसारखी दुसरी जागा नाही. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळपास प्रत्येक विहाराशी, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याशी, काळ्या पाषाणात खोदलेली पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. डोंगरावर पडलेलं पाणी पन्हळींनी त्या पोढीत उतरवलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी या डोंगरावर पाऊस साठवला आणि वर्षभर पुरवला. मला ते मुलांना दाखवायचं होतं. पण मुख्य दारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर वर. वाहनाने जायचं, चढायचं, मोजणी करत उतरायचं, म्हणजे नदीला वेळ उरत नाही. मी कान्हेरी काढून टाकली. त्याऐवजी वर्गात एका पोढीचा फोटो दाखवला आणि शाळेच्या गच्चीवरची टाकी दाखवली. हा बदल पुरेसा नव्हता हे मला माहीत आहे.

खाण्याचा निर्णय सोपा वाटला होता, पण पालकांनी तिथेच अडवलं. "लेकरू तीन तास उपाशी?" मग असं ठरलं: सकाळी साडेसातला शाळेतच पोटभर खिचडी, आणि परत बाहेर पडल्यावर हायवेच्या अलीकडे प्रत्येकाला शेंगदाण्याची चिक्की. पिशव्या आणायच्याच नाहीत. पाण्याची बाटली गळ्यात, बाकी दोन्ही हात रिकामे. बाटली नसलेल्या सात मुलांसाठी शिक्षकांनी घरच्या बाटल्या आणल्या.

यानंतरचा टप्पा एका मुलीचा. ती उद्यानातल्याच एका पाड्यावर राहते. जंगलात घर असलेली वर्गातली ती एकटीच. माझा पहिला विचार असा होता की तिलाच पुढे करावं, तिने झाडं दाखवावीत, वर्गात तिचा मान वाढेल. मी तिच्या आईला भेटायला गेले. त्या दाराशी बोरं विकतात. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ बोरं निवडत राहिल्या, आणि म्हणाल्या, "बाई, पोरीला जाऊ दे सगळ्यांबरोबर. पण तिला पुढं उभी करू नका. मग घर कुठं, घराचे कागद हायेत का, समदं इचारत्यात."

त्यांची भीती कुठून येते हे मला कळत होतं. उद्यानातली अतिक्रमणं काढण्याचे आदेश उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिले, त्यानंतर हजारो झोपड्या हटल्या. पाड्यांवरच्या आदिवासींच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या घराला आपण केव्हा उठू हे माहीत नसतं. माझ्या मनातला "मान" त्या घराला जोखीम वाटत होता. मी मुलीला कुठलंही वेगळं काम दिलं नाही. ती रांगेत सहाव्या जोडीत चालली.

पहिला गट जानेवारीतल्या एका बुधवारी निघाला. वीस मुलं, मी, एक सर, शाळेतल्या मावशी आणि समितीतल्या एक आई. हायवेच्या फुटपाथवर, बस थांब्यापाशी, मुलांनी तापमापक धरला आणि वहीत आकडा लिहिला. दारातून आत गेल्यावर झाडांखाली पुन्हा धरला. तीन अंशांचा फरक पडला. "बाई, तापमापक बिघडला," असं एकीने सांगितलं. मग आम्ही दहा मिनिटं थांबून पुन्हा बघितलं. आकडा तोच.

दुसरा थांबा ऐनाच्या झाडाशी. खोडाला मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले. कोरड्या दिवसांत हे झाड खोडात पाणी धरून ठेवतं, असं मार्गदर्शक दादांनी सांगितलं. मुलांनी खोडाला कान लावले. काही ऐकू आलं नाही, तरी बराच वेळ कुणी कान काढला नाही.

तिथून पुढे वाटेवर माकडं बसली होती. पंधरा-सोळा, पिल्लांसकट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. आखणीत मी लिहिलं होतं: माकडं दिसल्यास मागे फिरणे. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तेव्हा ज्याच्या भावाला ओरखडा उठला होता तो मुलगा माझ्या ओढणीला घट्ट धरून उभा होता. मागे फिरलो असतो तर त्याची भीती पक्की झाली असती. पुढे गेलो असतो आणि काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. मार्गदर्शक दादांनी तिसरी वाट काढली. सगळ्यांना जिथे आहेत तिथेच उभं राहायला सांगितलं. दात दाखवायचे नाहीत, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, रिकामे हात खाली सोडायचे. आम्ही अकरा मिनिटं उभे होतो, मी घड्याळ बघत होते. एक मोठा नर आमच्याकडे चालत आला, पहिल्या जोडीतल्या मुलांचे हात बघितले आणि बाजूच्या झाडावर गेला. त्याच्या मागे हळूहळू बाकीची गेली. मुलगा म्हणाला, "बाई, त्यांना कळलं ना, आपल्याकडे काही नाही?" ओढणी त्याने नदीपर्यंत सोडली नाही, पण तो चालला.

नदीपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. जानेवारीत दहिसर नदी बारीक झालेली असते, खडकांमध्ये डोह उरतात. आमचा प्रयोग साधा होता. कागदावर काळा ठिपका, त्यावर काचेची बरणी, बरणीत पाणी, वरून ठिपका दिसतो का बघायचं. मला ते पाणी वर्गात नेऊन खिडकीत ठेवायचं होतं. दादांनी नाही म्हटलं, इथलं काही बाहेर न्यायचं नसतं. त्यांचंच बरोबर होतं. मुलांनी ठिपका पाहिला, स्वच्छ दिसला, आणि पाणी परत ओतलं. ओततानाही सावकाश, डोहातले छोटे मासे घाबरू नयेत म्हणून.

परतताना मी रांगेच्या मध्ये चालत होते. सहाव्या जोडीतून, एका झाडाबद्दल, हळू आवाज आला, "ती पांढरी हाय ना, ती कहांडळ. रात्रीची भुतावाणी दिसती." दुसरी मुलगी म्हणाली, "तुला कसं माहीत?" "माहीताय." तेवढंच. मी मागे वळून पाहिलं नाही.

आठवड्याने, शाळेच्या मागच्या पुलावर, मुलांनी तीच बरणी आणली. सरांनी दोरी बांधलेल्या बादलीने पाणी काढलं. गोठ्यांचं शेण, गटारांचं पाणी, प्लास्टिक, दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत. बरणीत चार बोटं पाणी घातल्यावर ठिपका नाहीसा झाला. "ही तीच नदी?" हा प्रश्न त्या दिवशी मला किमान दहा मुलांनी विचारला. इथे मी त्यांना २६ जुलै २००५ची गोष्ट सांगितली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातल्या नद्यांनी आपली जागा मागितली. मुलांच्या घरी ती आठवण होतीच. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जण आजीकडून ऐकलेली गोष्ट घेऊन आले, कुठल्या मजल्यापर्यंत पाणी, कुणाची म्हैस वाचली.

काय झालं

दोन्ही गट मिळून ४१ पैकी ४० मुलं गेली. कुणाला इजा झाली नाही, कुणी मागे राहिलं नाही. मुख्याध्यापिका मॅडमनी पुढच्या वर्षासाठी चौथी आणि पाचवीला हाच आराखडा मान्य केला आहे.

दुसरा गट मात्र पहिल्यासारखा झाला नाही. तो आम्ही शनिवारी नेला, कारण त्या दिवशी एक जादा शिक्षक मोकळे होते. गर्दी इतकी की ऐनाच्या झाडाशी उभं राहायला जागा नव्हती. नदीच्या डोहापाशी एक मोठं कुटुंब जेवायला बसलं होतं. आमची मुलं ओरडून बोलू लागली, कारण सगळेच ओरडत होते. त्या वीस मुलांना जंगलाची शांतता मिळाली नाही. वह्यांमध्ये तो फरक स्पष्ट दिसतो. पहिल्या गटाने कोतवाल, तांबट हे पक्षी, मुंग्यांचं घरटं असं लिहिलं, दुसऱ्याने सायकली आणि माणसं. पण दुसऱ्या गटातल्या एका मुलीने एक यादी केली होती जी मला फार आवडली: पार्कात कोण काय करायला येतं. हसण्याच्या वर्तुळातले आजोबा, एकटाच बाकावर बसून फोनवर रडणारा दादा, बाळाला ऊन दाखवणारी आई, बोरंवाली, झाडू मारणारे काका. शहरात या सगळ्यांना एकाच सकाळी, तिकिटाच्या थोड्या पैशांत, बसायला दुसरी जागा कुठली?

पुढच्या रविवारी सहा-सात मुलांनी घरच्यांना नेलं. एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात. ते मला शाळेच्या दाराशी भेटले आणि म्हणाले, "मॅडम, चौदा वर्षं या गेटवर पॅसेंजर सोडतोय. आत पहिल्यांदा गेलो." मुलीने त्यांना दारातच वेफर्स घेऊ दिले नाहीत.

जंगलाचं चित्र मी पुन्हा काढायला लावलं. जिराफ उरले तीन. सिंह मात्र बरेच राहिले, सिंह मुलांना आवडतात. नदी अनेकांनी काढली, आणि काहींनी ती कागदाच्या अर्ध्यात निळी व पुढे काळी रंगवली.

पाड्यावरच्या मुलीचं म्हणाल तर, मी नंतर सगळ्या वर्गाला एक काम दिलं: आपल्या घरी बोलतात ती झाडांची नावं आणा, कोकणातली, घाटावरची, विदर्भातली, कुठलीही. बहुतेकांनी तीन-चार आणली. तिने अकरा आणली. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही, फळ्यावर सगळ्यांची नावं एकाच रांगेत लागली.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवार निवडायला नको होता. जादा शिक्षकापेक्षा कमी गर्दी मोलाची होती, हे आता कळतं. पालकांना नंतर कळवण्याऐवजी त्यांच्यातल्या दोघा-चौघांना आधीच्या पाहणीला न्यायला हवं होतं. त्या रिक्षावाल्या वडिलांसारखे किती जण दारापर्यंत रोज येतात. माकडांसमोर काय करायचं याचा सराव वर्गातच करून घ्यायला हवा होता. त्या अकरा मिनिटांत आम्ही निभावलो ते मार्गदर्शक दादांमुळे, माझ्या आखणीमुळे नाही. कान्हेरीसाठी मी सातवीच्या बाईंशी बोलते आहे. थोड्या मोठ्या मुलांना फक्त पोढी बघायला, दुसरं काही नाही, असं नेता येईल का, हे बघायचं आहे.

आणि तो एक्केचाळिसावा मुलगा. त्याच्या गैरहजेरीवर मी "आजारी" असं लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारीत त्याची आई भेटली तेव्हा कळलं, तो आजारी नव्हता. त्याच्या उजव्या पायात लहानपणापासून जोर कमी आहे. वर्गात तो सगळ्यांच्या बरोबरीने वावरतो, म्हणून माझ्या डोक्यातून ते निसटलं. मी पाठवलेल्या संमतिपत्रात पहिलीच ओळ होती: "मुलांना शाळेतून चालत नेण्यात येईल." आईने ती वाचली, आपलं मूल यात नाही असं समजली, आणि कागद कोरा ठेवला. मीही तो कोरा कागद परत का आला हे विचारलं नाही. त्याला दारापर्यंत रिक्षा चालली असती, आत एक किलोमीटर तो थांबत थांबत सहज चालला असता, आम्ही तसेही थांबतच होतो.

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, मी, तो आणि त्याची आई असे तिघं गेलो. नदी आटली होती, डोह उरले होते दोन. त्याने बरणी सोबत आणली होती.

यंदाच्या संमतिपत्रातून ती पहिली ओळ काढली आहे. तिच्या जागी प्रश्न आहे: "तुमच्या मुलाला कसं यायला सोयीचं पडेल?" आणि खाली उत्तरासाठी तीन रिकाम्या ओळी.